पिवळी द्यायची की नाही

२ ऑक्टोबर २००७, मंगळवार

उंदरांनी आमच्या बर्फावरच्या गाडीची, पिवळीची, सीट फोडली. ताडपत्री काढायला शेडमध्ये गेले तर खाली स्पंजाचा चुरा. आत बाळंतिणीची खोली केल्यासारखी सगळी तयारी — लोकर, वाळलं गवत, यांच्या जुन्या मफलरचे धागे. पिल्लं नव्हती, नशीब. असती तर मला महिनाभर तशीच झाकून ठेवावी लागली असती.

दोरी ओढून बघितली. सातव्या झटक्याला सुरू झाली. दोन वर्षांमागं दुसऱ्याला व्हायची. गाडी थकली की माझा खांदा, कळायला मार्ग नाही.

जेवताना हे म्हणाले, "विकून टाकायची का यंदा?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

"माझं काय? चालवतेस तू. तू म्हणशील तसं."

एवढ्यावर विषय संपला. मग त्यांनी बातम्या लावल्या.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

डोक्यात नुसता गुंता. लिहिलं की जरा सुटतो, म्हणून लिहिते.

बर्फ पडला की रस्ता मोकळा करणारा कौन्सिलचा नांगर पुलापर्यंत येतो आणि तिथून वळतो. आमचं घर पुलाच्या वर दीड मैल. यांचा दवाखाना चालू होता तोवर पुलाच्या खाली, गावात राहत होतो. हे रिटायर झाल्यावर हे घर घेतलं, तेही पिवळी होती म्हणूनच. बर्फावर चालणारी गाडी दारात नसेल तर दोन सत्तरीला आलेल्या माणसांनी इथं हिवाळा काढायचा विचारही करू नये. म्हणजे पिवळी विकायची याचा अर्थ घर बंद करून कॉव्हेंट्रीला लेकीकडं, कस्तुरीकडं जायचं. आम्ही दोघं कार्बुरेटरचं बोलतो, पट्ट्याचं बोलतो. जाण्याचं मात्र कुणीच बोलत नाही.

तरी कार्बुरेटरचंही खरंच आहे. सोळा वर्षं झाली घेऊन. आम्ही घेतली तेव्हाच एकाच्या हातची होती. खालचा रबरी पट्टा दोन ठिकाणी चिरलाय. पार्ट मागवला तर कॅनडाहून यायला सहा आठवडे. ग्रँटाउनचा ट्रॅक्टरवाला म्हणतो, ही द्या, माझी जुनी चार चाकांची क्वाड बाइक घ्या, अदलाबदली. मी म्हटलं, बर्फ गुडघ्याच्या वर गेला तर? म्हणाला, "मग घरात बसायचं, मिसेस डॉक." त्याला बरं आहे बोलायला, तो गावात राहतो.

९ ऑक्टोबर, मंगळवार

ह्यू येऊन गेला. पलीकडच्या स्कीच्या डोंगरावर गाड्या सांभाळतो तोच. १९९१ मध्ये यांच्या वरच्या पेशंटांसाठी पिवळी आणली तेव्हा प्लग कसा साफ करायचा, पट्टा किती ताणायचा, सगळं त्यानंच दाखवलं. बाकीचं मी पुस्तकातून शिकले. सातवी झालेली बाई — इंग्रजी धड वाचायला शिकले ती या गाडीच्या पुस्तकावर. अजून कुणाला इंग्रजीत पत्र लिहायला बसले की "तपासा", "घट्ट करा", "दर पन्नास तासांनी" असंच सुचतं.

त्यानं वाकून, झोपून, सगळं बघितलं. म्हणाला, विकायची तर नोव्हेंबरअखेर. तेव्हा सगळ्यांना वाटतं यंदा बर्फ पडणार. फेब्रुवारीपर्यंत थांबलात आणि गेल्या वर्षीसारखा कोरडा गेला, तर कोंबड्यांना बसायला ठेवा. वर म्हणाला, आमचा डोंगरही यंदा दोन गाड्या काढणार आहे. त्या बाजारात आल्या की तुमची कोण बघणार? मला हवी आहे, पार्टसाठी नाही, चालवायला. चांगली ठेवलीत.

मग त्यानं किंमत विचारली. मी म्हटलं डॉक्टरांना विचार. तो आत गेला. डॉक्टर म्हणाले मिसेसना विचार. तो परत शेडमध्ये आला. मी म्हटलं ते म्हणतील तसं. तिसऱ्या फेरीला दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हा दोघांत ब्रेक कुणाकडं आहे आणि थ्रॉटल कुणाकडं, ते एकदा ठरवा. मी तोवर चहा पितो."

चहा प्यायला, तीन बिस्किटं खाल्ली, गेला.

१४ ऑक्टोबर, रविवार

कस्तुरीचा फोन. "आई, तो बर्फाचा गाडी गेला का?" पस्तीस वर्षांची झाली, अजून गाडी पुल्लिंगी. "वरचा खोली रिकामा आहे. तुझ्या जावयानी नवीन हीटर लावलाय. बाबाला किती थंडी वाजते, तू बघत नाही का?"

मी तिला नेहमीचं सांगितलं — बाबांना तिकडं करमायचं नाही. उभी हयात इथं काढली, वाटेत माणसं थांबवून गुडघे दाखवतात. कॉव्हेंट्रीत कोण ओळखतं त्यांना?

"बरं," म्हणाली. आवाज पडला तिचा.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

सीट शिवली. जाड सुई दोनदा बोटात. पाऊस.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रॅक्टरवाल्याचा फोन. क्वाडला दुसरं गिऱ्हाईक आहे, काय ते सांगा. "डॉक्टरांशी बोलून सांगते" म्हटलं. हे समोरच बसले होते.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. चकली केली. भाजणी कस्तुरीनं पोस्टानं पाठवली होती. तिला लेस्टरला चांगली मिळते. दोन घाणे तुटले, तिसरा जमला. हे तुटलेल्याच खात बसले. "चांगल्या ठेव, ह्यू येईल," म्हणाले.

कस्तुरीचा फोन आला तेव्हा हे अंघोळीला होते. तिनं आज मला पकडलंच. म्हणाली, "आई, मला एक सांग. तू म्हणते बाबाला करमणार नाही. बाबा मला वेगळा फोन करतो आणि म्हणतो आईला करमणार नाही, म्हणून नको विचारू. मग करमत नाही कुणाला?"

मी म्हटलं, चकली जळतेय, ठेवते.

गॅस कधीच बंद केला होता.

१० नोव्हेंबर, शनिवार

यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. बेचाळीस वर्षांत मी "तुम्हाला काय हवंय" असं भाजी सोडून दुसरं काही विचारलेलं आठवत नाही. त्यांनीही नाही. आमच्या घरात असं कुणी विचारत नसे. दुसऱ्याला काय हवं ते आपण ओळखायचं, त्यालाच संसार म्हणायचे. आई म्हणायची, बोलून दाखवावं लागलं तर काय उपयोग. मीही तेच करत आले. पण ओळखलेलं बरोबर निघालं की चूक, हे कुणी तपासायचं?

१८ नोव्हेंबर, रविवार

बर्फ. सकाळी उठले तर सगळं गप्प. फाटकाच्या दोन आडव्या पट्ट्या बुजल्या होत्या.

वरच्या फार्मवर इसोबेलला वाणसामान आणि तिची ब्लडप्रेशरची गोळी न्यायची होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी, शंभर मेंढ्या. यांचे सगळे पेशंट गेले तरी ही राहिली आहे. पिवळी चौथ्या झटक्याला सुरू झाली. खांदा तुटल्यासारखा दुखला. हे मागं बसले, नेहमीप्रमाणं माझ्या कोटाला दोन्ही हातांनी धरून.

वर चढाला लागलो आणि पट्ट्यानं बर्फ धरला — तो खालून येणारा धक्का, स्कीची पुढं निघालेली रेघ, तोंडावर कोरडा वारा. मी काय लिहू. मला सगळा थकवा विसरायला झालं. सहासष्ट वर्षांची बाई मी, मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मागं हे आहेत म्हणून म्हटलं नाही.

इसोबेलला म्हटलं, गाडी विकली तर तुझं कसं होणार गं? तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तू यायच्या आधी मी इथं पन्नास वर्षं जगले, सुमन. माझ्या नावावर काही ढकलू नकोस."

चांगली झोंबली.

२० नोव्हेंबर, मंगळवार

ह्यू आला. बर्फ पडला म्हणून दोनशे पौंड जास्त देतो म्हणाला, पण या महिन्यातच. मी चहाला आत गेले. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडं आहे, आणि ती नीट लागत नाही.

ह्यू विचारत होता, तुम्हाला चुकल्यासारखं नाही का होणार, डॉक?

हे म्हणाले — इंग्रजीत, हळू, रिपोर्ट वाचून दाखवावा तसे — "ह्यू, मी सोळा वर्षं त्या सीटवर डोळे मिटून बसलोय. एकदाही उघडले नाहीत. मला वेगाची भीती वाटते. आणि मी १९८० पासून गारठलोय."

ह्यू हसला. हे हसले नाहीत. मग म्हणाले, "पण तिचं तोंड बघितलंस कधी, ती चालवून उतरते तेव्हा?"

मी चहात साखर दोनदा घातली. सगळ्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

२१ नोव्हेंबर, बुधवार

आज विचारलं. नाश्त्याला. पोहे होते.

"तुम्हाला इथं आवडत नाही?"

"आवडायचा प्रश्न कुठं होता? तुला आवडतं."

"मी तुमच्यासाठी राहिले. तुमचे पेशंट होते म्हणून —"

"पेशंट तीन वर्षांपूर्वी संपले, सुमन. मग का नाही निघालो? मी वाट बघत होतो, तू म्हणशील म्हणून. तू तर पुलाच्या अजून वर घर घेतलंस."

पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसले. यांनी ते उचलून खाल्ले.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. वाटत होतं, दोघांनी एकमेकांसाठी सोसलं, म्हणजे फिटलं. पण तसं नाहीये. त्यांनी माझ्यासाठी सोसलं, आणि मी? मी त्यांचं नाव पुढं करून माझंच खरं केलं. कस्तुरीला फोनवर, लोकांना दुकानात — "डॉक्टरांना करमणार नाही." सत्तावीस वर्षं. खोटं बोलत होते असंही नाही. मला तेच खरं वाटत होतं. हे जास्त वाईट.

माणूस मागं डोळे मिटून बसलाय, आणि मी पुढं गाणं म्हणायच्या बेतात!

२४ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. ह्यूला मीच फोन केला. म्हटलं, दिली. पुढच्या शनिवारी ट्रेलर घेऊन ये. यांना विचारून नाही केला, फोन ठेवल्यावर सांगितलं. म्हटलं, "मी विकली. कॉव्हेंट्रीला जाऊ. आता मी मागं बसते."

यांनी बातम्या बंद केल्या. मग विचारलं, "तुला हवंय म्हणून, की मला हवंय म्हणून?"

"झालं की आता. पुन्हा सुरू करू नका," म्हटलं.

ट्रॅक्टरवाल्यालाही नाही म्हणून कळवलं. त्याची क्वाड आधीच गेली होती.

२८ नोव्हेंबर, बुधवार

पिवळी धुतली. पट्ट्यातले खडे काढले. दोन जादा प्लग, पुस्तक, ग्रीसचा डबा — सगळं एका पिशवीत. पुस्तक परत काढून ठेवलं. मग परत घातलं. ह्यूला लागेल.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

सामान बांधायला घेतलं. काय न्यायचं काही कळत नाही. हेही त्यांच्या खोलीत कप्पे उघडत-मिटत होते, शिट्टी वाजवत. आमच्या लग्नापासून मी त्यांची शिट्टी ऐकली नव्हती. मनात म्हटलं, बरोबर केलं आपण. पण हात पुढं सरकेना.

१ डिसेंबर, शनिवार

ह्यूचा ट्रेलर अकराला आला. हे बाहेर उभे, कोट, टोपी, एकच सूटकेस. मला म्हणाले, "गाडी राहू दे. तू चालव. मी कस्तुरीकडं हिवाळा काढून मार्चमध्ये येतो." मी म्हटलं, असं कधी करतात का, लोक काय म्हणतील? म्हणाले, "कोण लोक? इसोबेल आणि तिच्या मेंढ्या?" ह्यूला सगळं आधीच माहीत होतं. यांना एव्हिमोर स्टेशनवर दीडच्या ट्रेनमध्ये बसवून त्यानं फोन केला. ट्रेलर रिकामाच गेला.

आज एकटीचा भात लावायचा होता. एक वाटी घ्यावी की अर्धी, ते मला माहीत नाही.