आईचे लाल ट्युलिप

साल्मे, आधी कोट काढून बस, मग वाच. कालपासून मी गप्प का आहे ते सगळं सांगतो.

लसूण लावायला मी खिडकीखालचा वाफा खणला. त्यात बर्चच्या काड्या खोचलेल्या होत्या. वाटाण्याच्या वेलांना आधाराला लावलेल्या राहिल्या असतील म्हणून उपटून चुलीत घातल्या. तुझ्या आईच्या ट्युलिपची ती खूण होती, हे कुदळीखाली कंद चिरले तेव्हा कळलं. एकही धड राहिला नाही गं. तुला सांगायची छातीच झाली नाही.

आता आईच्या त्या ट्युलिपचे कंद फक्त तुझ्या बहिणीकडे आहेत. दोन वर्षं तुम्ही बोलत नाही, माहीत आहे मला. तरी हेल्यूला फोन केला. म्हणाली, "दाजी, तुमच्या हातात दिले तर सूपमध्ये टाकाल. मीच येऊन लावते." दोन-चार दिवसांत जमीन गोठेल, म्हणून मी हो म्हणून बसलो.

तिला आणायला चाललोय, चारच्या बसनं येतो. ओरडायचं ते माझ्यावर ओरड, मी कुठं पळत नाही. तेवढी कॉफी तिघांची टाक.

एल्मार