बाहुलीचं टक्

४ मार्च, सोमवार

वीस नर्स, एक बाहुली! जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून, पिशवी दाबून श्वास कसा द्यायचा — सांगून सांगून घसा बसला. त्यात ती एक, जिला सगळ्या भित्री भागूबाई म्हणतात. मास्क धरला की बाहुलीची मान सुटते, मान धरली की मास्क! शेवटी वैतागून म्हटलं, "अगं, बाकी सगळं सोड. मान नीट धरलीस, हवा आत गेली, की बाहुली टक् वाजते. टक् आलं की जमलं समज."

जमलं की! टक्, टक्, टक्. पोरगी आनंदाने रडायलाच लागली.

५ मार्च

परीक्षा झाली. भागू पहिली! बाहुली धुवायला घरी आणली. सासूबाई म्हणाल्या, "पन्नाशीत बाहुल्या खेळतेस होय!"

१३ मार्च

भागूच्या दवाखान्यात बाळ गेलं. ड्युटीवर ती एकटीच. साहेबांचा फोन — "सोमवारी रिपोर्ट हवा. चूक कोणाची, स्पष्ट लिहा." तिच्या सर्टिफिकेटवर सही माझी.

१४ मार्च

भागूला भेटून आले. रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. विचारलं, छाती हलत होती का बाळाची?

"हलत होती, मॅडम. पण टक् येईना. म्हणून थांबले, परत मान सरळ केली, परत मास्क लावला... शेवटपर्यंत टक् आलंच नाही."

अगं बाई, खरं बाळ कुठे टक् वाजतं! — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

छाती वर येतेय का तेच बघायचं, हे मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. नक्की सांगितलं होतं. बहुतेक.

१५ मार्च

रिपोर्ट लिहिला. "प्रशिक्षण पूर्ण दिले होते. कर्मचाऱ्याचा हात कच्चा." नोकरी जाणार तिची. माझी राहील. स्वतःचीच लाज वाटते, पण खोडलं नाही.

१७ मार्च, रविवार

बाहुली उघडली, आतलं टक् काढून टाकलं. स्वतः मास्क लावला. एक, दोन, तीन — छाती वर येत होती, स्वच्छ दिसत होती. तरी हात थांबला. मान सरळ केली. परत मास्क लावला.

सोळा वर्षं शिकवतेय — आणि मीसुद्धा टक्‌चीच वाट बघत होते!

रिपोर्ट फाडला. नव्यात नाव माझं.