जावईबापूंस, कानाला लावून ऐकलेल्या बर्फाविषयी

तीर्थरूप म्हणावं तर वयानं लहान, चिरंजीव म्हणावं तर रागावाल, तेव्हा नुसतंच जावईबापू, सासूचा आशीर्वाद घ्या.

तुमचा खोकला बरा असेल, गुडघे जागेवर असतील आणि पंखा अजून एकवरच असेल अशी आशा आहे. मी ठणठणीत. हे पत्र तुमची लेक लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही, पण ओळ किती लांब झाली ते दिसतं, तेव्हा तिनं मनाचं काही घुसडलं तर पकडीन. (हेही लिही गं.)

ज्या कामावर मला पाठवलंत त्याचं सांगते. पोरीनं विद्यापीठाच्या तुकडीबरोबर अख्खा हिवाळा ध्रुवावर काढायला जाऊ नये, एवढं तिच्या गळी उतरवायचं होतं. तुम्ही ‘गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस’ म्हणून बसलात, आणि ती तुमचीच मुलगी, लगेच बोलायची थांबली. सोमवारी तिला हो की नाही ते कळवायचंय. म्हटलं, आधी ती करते काय ते बघू, म्हणजे नावं ठेवायला सोपं जाईल.

तर तिनं मला त्यांच्या थंड खोलीत नेलं. बाहेर माणसं घामाघूम आणि आत आम्ही गादीएवढे कोट घालून. माझ्या कोटात तुमच्यासारखे दोन जावई मावले असते. फळ्यांवर वरवंट्यासारखे बर्फाचे तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी, तान्ह्या बाळांसारखे ओळीनं निजवलेले. ध्रुवावर खोल भोक पाडून काढलेले; जितकं खोल तितकं जुनं. मी विचारलं, ‘हा केवढा?’ म्हणाली, ‘आजी, हा बर्फ पडला तेव्हा माणसाला पेरणी ठाऊक नव्हती.’ किती दिवसांनी मला कुणी माझ्याहून थोरलं दाखवलं! मी कोटाच्या आतच पदर सारखा केला.

बाहेर आल्यावर तिच्या मोठ्या बाईंनी (हिला शिकवतात त्या) कापताना उरलेला बर्फाचा चुरा पेलाभर पाण्यात टाकला आणि पेला माझ्या हातात दिला. त्यांच्यात नव्या माणसाचं स्वागत असंच करतात म्हणे. मी पेला कानाशी नेला. बर्फ तडतडत होता, अगदी हळू, कुणी कुजबुजावं तसा. त्यात तेव्हाची हवा कोंडलेली, ती आता सुटत होती. त्या हवेवरून ही मंडळी तेव्हाचं जग ताडतात आणि आपलं किती तापलंय ते त्याच्याशी ताडून बघतात. आणि तिकडे तो बर्फच वितळत चाललाय, म्हणजे सांगणाराच उठून निघालाय. म्हणून पोरीला एवढी घाई.

मी ऐकलं, आणि मग पिऊन टाकलं. (हसू नका. पाहुण्याच्या हातात पेला दिला की तो पितात, एवढंच मला माहीत.) ‘आजी, ते ऐकायचं होतं!’ पोरगी किंचाळली. मोठ्या बाई डोळे फाडून बघत राहिल्या. तेवढ्यात मला ढेकर आला. जावईबापू, आजवर पुष्कळ ढेकर दिले, पण असा नाही. माझ्या पणजीच्या पणजीलाही न मिळालेली हवा माझ्या छातीतून गेली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी गार पाण्यावर ढकललं. ‘जाऊ नकोस’ हे तोंडात घोळवत गेले होते, तेही बहुधा त्याच घोटाबरोबर पोटात गेलं.

बाकी सगळं क्षेम. खाली अंगठा आहे तो माझाच, शाईनं बोट बरबटलंय.

ता. क. तुमचं काम माझ्याच्यानं झालं नाही. दुसरं माणूस बघा.

पुन्हा ता. क. एवढ्या युगांचा कोंडलेला श्वास सुटला, तुमचा तर महिन्याभराचाच आहे. रविवारी फोन करा. खोकल्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

आणखी एक ता. क. पंखा दोनवर गेला की तुम्ही चढवता ती तपकिरी कानटोपी पाठवून द्या. पोरीला तिकडे न्यायचीय. नवी नको, तीच.

बाबा, कानटोपीचं आजीनं सांगितलेलं नाही. ओळ लांबली ते तिनं पाहिलं, पण पकडलं नाही.