आप्पाजींची नक्कल

शिवाजीनगर, बेंगळूर
ता. २१ जुलै १९६२

रत्नाकरअण्णांना गुंडोचा सलाम.

इकडे सगळं ठीक आहे, तुमची भिलाईची खुशाली कळवा, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही घर सोडून गेलात, त्यानंतर मी तुमच्या वडिलांच्या, आप्पाजींच्या, सायकल दुकानात कामाला लागलो. निपाणीकडचा आहे. शाळेत मास्तरांच्या आवाजात सगळ्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली, तेव्हा मला कायमचीच सुट्टी मिळाली. अक्षर लागलं नाही तर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण तो माणूस हसरा नसावा.

दुकान बरं चाललंय. पाऊस स्वल्प कमी आहे. समोरचा चहावाला मल्लाप्पा अजून दुधात पाणी घालतो. मी त्याच्या बायकोच्या आवाजात हाक मारली की किटली टाकून आत पळतो.

मला आवाज काढता येतात. आप्पाजींचा तर असा, की अव्वा, म्हणजे तुमच्या आई, त्यासुद्धा फसतात. एकदा आप्पाजी बाहेर गेले होते आणि एक हवालदार चाक वाकलेली सायकल घेऊन आला. मी पडद्याआडून आप्पाजी झालो. "ठेवा साहेब, संध्याकाळी घेऊन जावा." संध्याकाळी कसलं, आठवड्याचं काम होतं ते. वळून बघतो तर आप्पाजी दारात. सगळं ऐकलेलं. मी मार खायला पाठ केली.

ते म्हणाले, "माझ्या आवाजात शब्द दिलास, सरी, ठीक. आता पाळायला बस."

आणि स्वतःच पाट ओढून माझ्याशेजारी बसले. जेवायला उठले नाहीत, म्हणून मलाही उठता येईना. संध्याकाळी हवालदार आला, सायकल घेऊन गेला, बरं झालं असंसुद्धा म्हणाला नाही. आप्पाजी हात पुसत म्हणाले, "बघितलास, केवढा महाग आहे माझा आवाज?"

त्यांचं शिकवणं असं. बायबल उघडून समोर बसवलं नाही कधी. गिऱ्हाइकाला जुना वॉशर नवा म्हणून दिला, तर मलाच त्याच्या घरी पाठवलं, सांगून ये म्हणून. मल्लाप्पाशी भांडलो, तर त्याच्याच सायकलीत हवा भरायला लावली. रविवारी चर्चला चल म्हणत नाहीत. धुतलेला सदरा तेवढा खुंटीला लावून ठेवतात. आता त्या सदऱ्याचं काय करायचं सांगा.

मी एकदा अव्वांना विचारलं, "आप्पाजी ओरडत कसे नाहीत हो?"

त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या वाटचं ओरडणं रत्नूवर खर्चून बसलेत." मग सगळं सांगितलं. तुम्ही चर्चला येणार नाही म्हणालात. ते म्हणाले, मग या घरात पाऊल टाकू नकोस.

आता लांबण लावत नाही. आप्पाजींचा आवाज गेलाय, अण्णा. घशात गाठ होती. इस्पितळात ती कापून काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता गाठ परत आलीय. पेजसुद्धा उतरत नाही. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलतात, त्यातलं मला काही कळत नाही. पण तोंडं वाचता येतात, त्याशिवाय नकला कशा करणार.

मी त्यांना पाटी आणून दिली. म्हटलं, "अण्णांना दोन ओळी लिहा, मी कागदावर उतरवून पोस्टात टाकतो."

त्यांनी लिहिलं, तोंडाने हाकललं. तोंडानेच बोलावणार.

"कुठल्या तोंडाने, आप्पाजी?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मग म्हटलं, "ती नक्कल होईल. हवालदाराला फसवणारा मी."

पाटी पुसून त्यांनी परत लिहिलं. मीही जन्मभर प्रभूची नक्कलच करतोय. साधली नाही. रत्नूच्या वेळी तर मुळीच नाही.

अव्वांनी ते वाचलं आणि चूल पेटलेली सोडून परसात जाऊन उभ्या राहिल्या.

तर ठरलंय ते असं. तुम्ही दारात उभे राहिलात, की ते तुमच्याकडे बघणार आणि मी बोलणार. काय बोलायचं ते त्यांनी मला लिहून दाखवलं आणि पुसून टाकलं. इथं लिहीत नाही. कागदावर उतरलं की ते माझं होईल. ऐकायला तुम्हालाच यावं लागेल.

आता माझं सांगतो. तुम्ही येऊ नये असं मला वाटत होतं. तुमची खाट, तुमचा कोट, संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांच्या उजवीकडची तुमची जागा, सगळं माझ्याकडे आलंय. तुम्ही आलात की मी परत दुकानातला गडी. आप्पाजी रोज भुवई वर करून विचारायचे, लिहिलंस का? मी हो म्हणून मान हलवायचो. मान हलवायला आवाज लागत नाही, खोटं सोपं जातं.

आज त्यांनी विचारलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

खाट उन्हात घातलीय. कोट अव्वांनी धुतलाय. खिशाला भोक आहे, ते माझं. राग गेला नसेल तर राग घेऊनच या, इथं कुणी काही म्हणणार नाही. आणि पोचायला उशीर झाला, ते बघायला उरले नाहीत, तर माझ्या तोंडून ते शब्द निघायचे नाहीत. ते नसताना त्यांचा आवाज मी काढणार नाही. पत्र मिळालं की मिळेल त्या गाडीने निघा.

तुमच्या जागेवर बसलेला, आता उठलेला,
गुंडो