बिनबोल्टची रायफल

सौंसर,
२५ ऑक्टोबर १९८३

चि. प्रकाश यास,
वामनदादाचा सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट परवा मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे यंदा थंडीची वाट न पाहताच दुखायला लागले. संत्र्याची तोडणी सुरू झाल्यापासून नागपूरच्या बसमध्ये माणसांपेक्षा पेट्यांचा मान मोठा आहे. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी चिवडा करून ठेवला आहे, तो आता निम्माच उरला आहे. निम्मा कुठे गेला ते विचारू नकोस.

पाकिटात तू माझ्या नावाने लिहिलेला माफीनामाही निघाला. अक्षर नेहमीसारखं सुरेख. तारीख टाकली आहेस, सहीला जागा सोडली आहेस. 'मी वामन, श्री. रघुनाथराव यांच्या रायफलचा बोल्ट दसऱ्याच्या पूजेत विघ्न आणण्याच्या हेतूने काढून नेला, याबद्दल त्यांची क्षमा मागतो.' प्रकाश, यावर मी सही करणार नाही. हे पहिल्यांदा सांगून टाकतो, म्हणजे पत्राचा पुढचा भाग तू आशेने वाचणार नाहीस.

तुझी अडचण मला कळते. दोन वर्षं तू पांढुर्ण्याच्या त्या शाळेत हंगामी मास्तर आहेस, रघुनाथराव संस्थेचे अध्यक्ष, आणि कायम करायच्या कागदावर सही त्यांचीच लागते. ते म्हणाले, भावाचा माफीनामा आण, मग पाहू. तू घाबरलास यात नवल नाही. पण मी केलेल्या कामाचा हेतू त्यांनी ठरवायचा, तू लिहायचा आणि मी फक्त सही करायची, हा कुठला न्याय? तिथे गोटमारीच्या जत्रेत दगडाने डोकं फुटलं तरी माणूस पट्टी बांधून घरी जातो, कोणाकडे माफीनामा मागत नाही. आणि इथे एक गोळी झाडायची राहिली तर एवढा गहजब.

तू लिहितोस की लोक बोलून राहिले, 'त्याचा सण त्याच दिवशी, म्हणून आमचा मोडला.' पूजा झाल्यावर रघुनाथरावांच्या मुलाने, श्रीकांतने, नदीच्या दरडीत गोळी झाडायची ही त्यांच्या घरची रीत. यंदा पाहुणे जमले, पाटावर बिनबोल्टची रायफल, काडतूस आत लोटून मागून बंद करणारा दांडाच नाही, आणि मी नागपूरला दीक्षाभूमीवर, बोल्ट माझ्या पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली. दिसायला ते वाईटच दिसतं. पण दीक्षाभूमीला मी दरवर्षी जातो, त्यासाठी मला कोणाचा सण मोडावा लागत नाही.

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की रायफलचं काम नीट झालं, फक्त बोल्टला थोडं घासायचं बाकी होतं. ते वाक्य आता पुन्हा लिहितो. तेव्हा नीट लिहिलं नव्हतं.

ती रायफल माझ्याकडे आली तेव्हा मागच्या टोकाला, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये, गंजाचे खड्डे होते. दर दसऱ्याला तीर्थ आणि हळदकुंकू आत जाणार, मग वर्षभर पेटीत, दुसरं काय होणार? गोळी झाडल्यावर काडतुसाची रिकामी पितळी केस बाहेर निघत नव्हती. मी नळी मागून थोडी कापली, नवे आटे पाडले आणि चेंबर नव्याने कोरलं. वीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये हेच केलं. चेंबरच्या पुढे थोडी मोकळी जागा लागते, गोळीचं टोक तिथे राहतं. मी तिला घसा म्हणतो. त्याच्या पुढे नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचा, सुरू होतो. मी काम तपासलं, बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. मी खूश झालो आणि दसऱ्याच्या तीन दिवस आधी रायफल पोचवायला गेलो.

रघुनाथरावांनी हातात घेतली, फिरवून पाहिली, म्हणाले, "नागपूरलेच देणार होतो. म्हटलं आपल्या इकडचा माणूस आहे, पाहू त काय करते." एवढ्यात त्यांच्या मावशी अंबाबाई आतून आल्या आणि माझ्या हातून आलेल्या रायफलवर तुळशीचं पाणी शिंपडलं. मी ते पाहिलं. खरं सांगू, पहिला विचार गंजाचाच आला. राग नंतर आला, पण आला तो बसलाच.

मग मी भरून बघायला एक काडतूस मागितलं. ते देऊन रघुनाथराव आणि श्रीकांत पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत गेले. नळी मातीच्या भिंतीकडे केली आणि बोल्ट सारला. शेवटच्या बोटभर जागेत तो जड गेला. मागे ओढला तर हातात नुसती केस आली. बारूद सगळी आत सांडली आणि गोळी पुढे पिळात रुतून बसली. समोरून सळईचे दोन ठोके दिले तेव्हा पडली. तिच्या टोकावर चारी बाजूंनी पिळाचे ओरखडे होते.

घसा आखूड पडला होता. मी पाडला होता. घरी मी फक्त रिकाम्या केसवर तपासलं होतं. केसला पुढे गोळी नसते, मग घसा आखूड आहे हे तिला कसं कळणार? हे नव्या रंगरुटालाही शिकवतात. घासायचं बोल्टला काहीच नव्हतं.

अशा रायफलने गोळी झाडली तर आतला दाब वाढतो. एखाद वेळी काही झालंही नसतं. आणि एखाद वेळी गोळी पुढे अडकलेली असताना दुसरं काडतूस भरलं तर श्रीकांतचा चेहरा गेला असता, ओसरीवर बायापोरं बसलेली असताना. ते फाटकावरून परतल्यावर मी म्हणालो, "रायफल परत नेतो, काम बाकी आहे." रघुनाथराव म्हणाले, "पूजेले रायफल घरातच पायजे. बोल्टले काम असन त बोल्ट ने, पण दसऱ्याच्या सकाळी आणून दे." मी हो म्हणालो. आणणार नाही हे तेव्हाच ठरलं होतं.

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. घसा आखूड पडला, चूक माझी, दसऱ्याला झाडू नका. त्या ओल्या रायफलसमोर उभं राहून ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. वाटलं, हे म्हणतील, पाहा, यांच्या हातून हेच होणार. माझी चूक माझी एकट्याची राहणार नाही, सगळ्या वस्तीच्या नावावर जाईल. म्हणून गप्प बसलो. त्यात तुझं नुकसान झालं, आणि त्याची लाज मला वाटते. तुझी माफी मी मागतो, मनापासून.

तुझी वहिनी काल म्हणाली, "बोल्ट नेला ते चांगलंच केलं. पण चूप काहून बसून राहिले?" त्याचं उत्तर म्हणजे हे पत्र.

तर ऐक. बोल्ट नेल्याबद्दल मी माफी मागणार नाही. आज तीच वेळ आली तर पुन्हा नेईन. घसा आखूड पाडल्याबद्दल आणि खोटं हो म्हटल्याबद्दल मागेन. त्या दोन गोष्टींबद्दल मला अजून कोणी काही म्हटलेलं नाही. हे सगळं मी रघुनाथरावांना लिहिलं आहे आणि ते पत्र आज सकाळीच रजिस्टर केलं. तुझं मुद्दाम नंतर टाकतो आहे, म्हणजे तुला मला अडवता येणार नाही.

जबलपूरच्या जुन्या सोबत्याने घसा खोलायचं कटर पाठवलं आहे. गुरुवारी सकाळी ते आणि बोल्ट घेऊन पांढुर्ण्याला येतो. त्यांच्याच अंगणात, त्यांच्या समोर, हाताने एकेक फेरा देऊन घसा खोलीन. गोळीला काजळी लावून तपासीन, ओरखडा उठायचा थांबेपर्यंत. मग रायफल जुन्या टायरला बांधून, दोरी ओढून, पहिल्या पाच गोळ्या मीच झाडीन. ते नको म्हणाले तर बोल्ट ठाण्यात जमा करून पावती त्यांना देईन. खोलल्याशिवाय त्यांच्या हातात देणार नाही.

यावर त्यांनी तुझा कागद अडवला, तर माझ्यामुळे अडला असं सगळीकडे सांग. मी नाही म्हणणार नाही. पण तुझ्या अक्षरात माझ्या नावाने खोटं लिहून तू कायम झालास, तर फळ्यावर त्याच हाताने काय लिहिशील?

गुरुवारी तुला शाळा आहे, मला ठाऊक आहे. नाही आलास तरी रागावणार नाही. आलास तर फाटकाबाहेर थांबू नकोस. आत येऊन माझ्या बाजूला उभा राहा, आणि मी चूक सांगेन तेव्हा मान खाली घालू नकोस.

चूक कबूल आणि माफीनामा नाकबूल असलेला,
तुझा दादा,
वामन