मरीआई विहिरीत गेली तेव्हा

बाबा, रविवारच्या बुद्धवंदनेनंतर तुम्ही प्रत्येक घराला एकच गोष्ट सांगायला लावायचात: धर्म बदलला तेव्हा घरातले देव कुठे गेले. नॉटिंगहॅममधला तो भाड्याचा हॉल, हीटर कधी चालू, कधी बंद, आम्ही मुलं कोट न काढता बसलेलो. कुणाचा खंडोबा नदीत गेलेला, कुणी चांदीचे टाक मोडीत काढलेले. मग आईची वेळ आली. ती म्हणाली, आमची मरीआई विहिरीत सोडली, आणि माझी आई त्या दिवशी जेवली नाही, काठाशी बसून रडली.

तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "रडल्याचं सांगायची काय गरज?" कुणीतरी हसलं. घरी आल्यावर आई चहाचे कप विसळत होती आणि तुम्ही तिला शांतपणे समजावत होतात की आपण रडलो असं कळलं तर बाहेरचे म्हणतील, यांना देव बळजबरीनं सोडायला लावले. तुमचं म्हणणं चूक नव्हतं. तेच मला अजून खुपतं. आई एवढंच म्हणाली, "माझी आई होती ती." पुढच्या रविवारी तिनं सांगितलं, हसत हसत विहिरीत टाकली. तुम्ही मान डोलावलीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता मी इथल्याच एका हॉस्पिटलात लोकांचे कान तपासते. आवाजातलं हिला कळतं, असं म्हणत लंडनमधल्या वेम्बलीच्या आपल्या मंडळींनी जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम माझ्यावर टाकलं. इथे जन्मलेल्या मुलांना आपण कोण ते कळावं, म्हणून. आधी झालेली रेकॉर्डिंग्ज मी ऐकली. गावं वेगळी, माणसं वेगळी, आणि देव सोडताना सगळ्या आज्या हसतायत. पोरांच्या तापाला जन्मभर त्या देवीला नवस बोललेल्या बायका, आणि एकीलाही काही वाटलं नाही? या कामाच्या समितीतल्या एका काकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "बेटा, ही तुझ्या बाबांनीच लावलेली शिस्त आहे. तू त्यांचीच मुलगी ना?" मी म्हटलं, आईचं रेकॉर्डिंग करते, मग बोलू. मला निदान एक आजी रडलेली हवी होती.

गेल्या शनिवारी आईसमोर मायक्रोफोन ठेवला आणि म्हटलं, घडलं तसं सांग. तिनं सांगितलं, "हसत हसत टाकली." मी म्हटलं, आजी रडली होती ना? आई चिडली. "कुणी सांगितलं तुला? माझी आई कशाला रडेल?" ती खोटं बोलत नव्हती. ती आपल्या आईची बाजू घेऊन माझ्याशी भांडत होती.

म्हणजे ते रडणं आता फक्त माझ्याकडे आहे, आणि मीही ते लहानपणी एकदाच ऐकलेलं. पुरावा म्हणून मी स्वतःच ते मान्य केलं नसतं. इतिहास विसरू नका, असं तुम्ही हॉलभर लोकांना बजावत राहिलात, आणि आईच्या आठवणीतून तिची रडलेली आई काढून नेलीत.

काल मी ती फाईल समितीला जशीच्या तशी पाठवली. त्याआधी हेडफोन लावून ऐकताना लक्षात आलं, 'टाकली' म्हणण्याआधी आई तुम्ही थांबायचात तशी थांबते, श्वासही तुमच्यासारखाच घेते. तुमच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. तेवढा तुकडा मी वेगळा काढून माझ्या फोनमध्ये ठेवला आहे. आईला सांगितलेलं नाही.