एकदा तपासलं की झालं

६ जानेवारी, सोमवार
संकल्प: यंदा दुबार तपासण्या बंद. आमची खनिज वाहणारी बार्ज 'सातेरी' आमोण्याच्या धक्क्यावर उभी, आणि मी तिचा सेफ्टी ऑफिसर. गेल्या महिन्यात तिला बंदर खात्याने तपासलं, विमावाल्याने तपासलं, खनिज पाठवणाऱ्या कंपनीच्या माणसानेही तपासलं. तीच लाइफ जॅकेटं, तोच फायर पंप. जॅकेटं घालून-काढून खलाशी दमले, आणि मुरगाव बंदराला जायची बार्ज धक्क्यावरच बसली. माझी योजना: 'एक बार्ज, एक तपासणी'. पहिल्याने बघावं, बाकीच्यांनी त्याचा अहवाल मानावा. मालक गोकुळदासबाब फोनवर बोलता बोलता 'बरं, बरं' म्हणाले. म्हणजे मंजूर.

दुसरा संकल्प: याच वर्षी लग्न. छत्तीस म्हणजे काही फार नाही.

१२ जानेवारी, रविवार
पेडण्याला मुलगी पाहिली. सेजल. हायस्कुलात गणित शिकवते. एकदम आवडली, मी चहात दोनदा साखर घातली. धीर यावा म्हणून योजना समजावली. पाऊण तास. इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, पहिल्यानेच वाईट लिहिलं तर? मी म्हटलं, तर बाकीच्यांनी मुकाट्याने मानायचं. विश्वास नको? ती हसली. पसंती आहेच.

१९ जानेवारी
आईने गेल्या रविवारी चष्मा नेला नव्हता, म्हणून ती पुन्हा पेडण्याला जाऊन आली. भिकाजीमामा घर आणि विहीर बघून आले. मावशीने सेजलच्या हातचं खतखतं खाऊन बघितलं. याला कोणी दुबार तपासणी म्हणू नये. प्रत्येकाचा विषय वेगळा.

२२ जानेवारी
तपासणीवाल्यांची बैठक बोलावली. मिरची भजी संपेपर्यंत एकमत होतं. मग प्रत्येकजण म्हणू लागला, आमचा विषय वेगळा. काय हा आडमुठेपणा! शेवटी ठरलं ते असं: पहिला अहवाल सर्वांनी मानायचा, फक्त तो बरोबर आहे का हे बघायला सगळ्यांचं मिळून एक पथक यायचं. तपासणी एक वाढली, पण तत्त्व मान्य झालं.

३१ जानेवारी, शुक्रवार
म्हापशाचा बाजार. सेजल शुक्रवारी येते ही मावशीची माहिती. न कळवता केलेली पाहणी तीच खरी, म्हणून मयड्याच्या केळ्यांच्या घडांमागे उभा राहिलो. घासाघीस उत्तम करते. तेवढ्यात पुढचा घड कोणीतरी विकत घेतला आणि मी उघड्यावर आलो. सेजल म्हणाली, 'बघून झाला असात तर ही पिशवी धरा.' बस स्टँडपर्यंत धरली. बसमध्ये चढताना तिने मागे पाहिलं नाही. लाजली असणार.

५ फेब्रुवारी
पेडण्याहून नकार. आई रडली. मी नाही. नकार म्हणजे त्रुटी. त्रुटी दूर करता येते.

रात्री जेवण गेलं नाही. हवामान.

१५ फेब्रुवारी
आज डिचोलीच्या स्थळाकडे जायचं होतं. शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. सकाळीच मामा आले. म्हणाले, जायचं नाही. मुलीच्या वडिलांनी कळवलंय की पेडण्याच्या लोकांनी मुलगा बघितलाय, त्यांचं मत आम्हाला मान्य. साखळी गावच्या स्थळाचंही तेच. सेजलच्या घरचं एकच वाक्य पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळ्यांनी मुकाट्याने मानलंय: 'पोरगो बरो आसा, पण परत परत येता.'

आईला म्हटलं, निदान एकदा त्यांनी स्वतः येऊन मला बघावं, प्रत्येकाचा विषय वेगळा असतो. आई कपाटात शर्ट परत ठेवत म्हणाली, 'एकदा तपासलं की झालं, असां तूच सांगत होतंस मां?'

दुपारी विमावाला पुन्हा 'सातेरी' बघायला आला. तिच्याभोवती सावकाश फिरला. उद्या परत येतो म्हणाला. मला बार्जचा हेवा वाटला.